एकदाच ऐकायचा निरोप

नाही गं बाई, मुलगा-बिलगा कोणी नाही. दोन रविवार झाले, मी सकाळी आवरून पेठ नाक्यावर जाते, दुपारी तोंड पाडून परत येते, आणि तुम्ही दोघी माझ्यामागे खाणाखुणा करता, ते काय मला दिसत नाही होय? बस खाली वैष्णवी. कावेरी, तो मोबाईल पालथा ठेव आधी. दहाला मला नाक्यावर पोचायचंय, आत्ता साडेआठ झालेत, तेवढ्यात सांगून होईल. मधेमधे बोलू नका फक्त, नाहीतर मला रडायला येईल आणि मग काहीच सांगून होणार नाही.

पहिली गोष्ट, मी दिवाळीत तुमच्याशी खोटं बोलले. लॅबचं प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं.

"मला माहीत होतं!" वैष्णवी म्हणाली. "लॅबला कुलूप होतं, मी जाताना बघितलं."

मग विचारलं का नाहीस? ... जाऊ दे. गावी जायची मला लाज वाटत होती. घराची नाही, जीपची.

म्हणजे कसं, आमच्या पाड्यावर रेंज नाही. सुरगाण्याहून आमच्याकडे यायला एकच जीप आहे, यादवमामाची. मामा म्हणजे सख्खा नाही, सगळ्या पाड्याचाच मामा. वाटेत एक खिंड लागते, तिथं पाच मिनिटं रेंज येते, मग परत गायब. मामा तिथं गाडी उभी करतो. पाड्यावर ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांचे सगळे निरोप मामाच्या व्हॉट्सअपवर येतात. व्हॉइस मेसेज. कारण निम्म्यांना वाचता येत नाही. आणि मामाचा फोन जीपच्या स्पीकरला जोडलेला, गाणी लावायला. तर तो खिंडीत थांबला की मान मागे वळवून ओरडतो, "पवारांचा पोरगा, सुरतेहून!" आणि लावतो. सगळी गाडी ऐकते. वीस-बावीस माणसं, कोंबड्या, तेलाचे डबे, सगळे गप्प. मग ज्याचा निरोप असेल तो उत्तर देतो आणि त्याच्या मागून बाकीचे पण बोलून घेतात. आमच्याकडे असंच आहे. कोणाला त्यात काही वाटत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत त्या जीपमध्ये बसून लोकांचे निरोप ऐकलेत, कोणाची म्हैस व्याली, कोणाची बायको माहेरी गेली, सगळं.

"आई गं," कावेरी म्हणाली. "आमच्याकडे ओझरला बाबा कंपनीतल्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतात तरी आईला राग येतो."

हो ना. तर मी आईला दर आठवड्याला मामाच्याच फोनवर निरोप पाठवायचे. बरी आहे, जेवले, पेपर चांगला गेला. गाडीनं ऐकलं काय, नाही ऐकलं काय. पण ऑगस्टमध्ये आपल्या कॉलेजात ते सायबर सुरक्षेचं शिबिर झालं, आठवतं? ते सर म्हणाले, मेसेज आपल्या मोबाईलमधून निघतानाच कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच मोबाईलवर उघडतो, मधला कोणीही ऐकू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. मी वहीत लिहून घेतलं. मी तर नंतर दुसऱ्या वर्गावर जाऊन त्याचं प्रेझेंटेशन दिलं, सगळी सेटिंगं पाठ होती मला. माझ्या डोक्यात ते कुलूप इतकं बसलं ना, की कुलूप उघडतं ते यादवमामाच्या जीपमध्ये, हे मी विसरूनच गेले. खरंच विसरले.

आणि सप्टेंबरात मला फार, म्हणजे फारच एकटं वाटत होतं. आता रागवू नका. तुम्ही चांगल्याच आहात. पण आपण तिघी एका खोलीत आणि भात झाला हे सुद्धा ग्रुपवर टाकतो. एकदा मला ताप होता, मी ग्रुपवर लिहिलं, तर तुम्ही दोघींनी तो हात जोडलेला इमोजी पाठवलात. दोघीही इथंच होतात. हीच कॉट, तीच कॉट.

कोणी काही बोलू नका, मी पण तुम्हाला तेच पाठवलं असतं.

तर त्या दिवशी मी गच्चीवर गेले आणि आईला सहा मिनिटांचा मेसेज केला. सगळं बोलले. मला इथं करमत नाही, वर्गात माझ्या बोलण्याला हसतात म्हणून मी बोलतच नाही, डबा अर्धा टाकून देते, मला परत यायचंय, आई मी इथं कोणाचीच नाही. रडत रडत. आणि खाली टाईप केलं, 'मामा, फक्त आईला ऐकव.' मामाला वाचता येतं, पण एक हात स्टेअरिंगवर आणि मागं बावीस माणसं असताना वाचतंय कोण?

"नाही!" वैष्णवीनं तोंडावर हात ठेवला.

हो. बाजाराचा दिवस. गाडी खच्चून भरलेली. "भोयांची स्नेहल, नाशिकहून!" आणि लावला. पाड्यातली पहिली मुलगी डिग्रीला गेलेली ना मी, माझा निरोप आला की मामा आवाज वाढवतो. सहा मिनिटं माझं रडणं अख्ख्या गाडीनं ऐकलं आणि आई मागच्या बाकावर बसलेली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेव्हा मला कळलं. त्यात अकरा माणसं होती, अकरा! म्हातारी कुसाबाई म्हणते, "पोरी, पोटभर जेव गं, उपाशी पोटी सगळं वाईटच वाटतं." गेणूबाबा म्हणतो, "कोण हसतं तुला, नाव सांग नुसतं, आम्ही पिकअप भरून येतो." कोणीतरी म्हणालं नागलीच्या पापड्या पाठवतो. शाळेचे गुरुजी पण होते, त्यांनी मला धीर धरण्यावर भाषण दिलं आणि मधेच खोकले. आणि सगळ्यात शेवटी मामा, "आई तुझी मागं बसलीय, तिला काय बोलायला होईना."

हसा, हसा. आता मला पण हसू येतं. तेव्हा असं वाटलं की जमीन फाटावी. मी काय केलं माहितीये? लगेच आईला मेसेज केला. म्हटलं, माझं बोलणं तुझ्यासाठी होतं, त्या लोकांसाठी नव्हतं. तू मामाला थांबवलं का नाहीस? तिथं बसून ऐकत राहिलीस, तुला काहीच वाटलं नाही? आणि परत असं केलंस तर मी बोलणारच नाही. हे पण गाडीतच वाजलं असणार ना! तेवढं पण माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मामा सुरगाण्यात असताना फोन करून त्याला शिकवलं. मामा, माईक दाबून वर सरकवायचा, मग बाजूला गोलात एक दिसतो, तो दाबायचा. मग तो मेसेज एकदाच ऐकू येतो. ऐकला की संपला. साठवता येत नाही, पुढे पाठवता येत नाही. आईला काही बोलायचं असेल तर असंच पाठवायचं, गाडीपासून लांब, स्पीकर बंद करून, कोणी ऐकायचं नाही. मामा म्हणाला, "बरं बाई, कायदा नवीन आलाय म्हणायचा."

त्यानंतर आईचा एकही निरोप नाही. महिना गेला. मामाला विचारलं, तर म्हणे, "ती जीपमधे बसते, खिंड आली की खाली बघते." मी पण पाठवला नाही. मी इकडे फुगून, ती तिकडे गप्प. बाबा नाहीत, भावंडं नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. आम्ही दोघीच आहोत एकमेकींना आणि दोघीही गप्प. आणि दिवाळीला घरी जायचं तर त्याच जीपमध्ये त्याच बावीस जणांत बसायचं, म्हणून मी गेलेच नाही. तुम्ही बॅगा भरत होतात आणि मी म्हटलं, प्रोजेक्ट आहे.

भाऊबीजेच्या दिवशी मी इथं मॅगी करत होते. खाली घरमालकीण काकूंकडे ओवाळणी चाललेली, हसण्याचे आवाज. आणि मोबाईल वाजला. यादवमामा. आणि बाजूला तो गोल एक.

मला माहीत होतं की ती आईच आहे. बोट तिथपर्यंत नेलं आणि थांबले. एकदाच ऐकू येणार ना. आणि खाली कोणीतरी लवंगी माळ लावली. म्हटलं, असं नाही. मॅगी खात, फटाक्यांत, असं नाही ऐकायचं. शांतपणे ऐकू.

"अगं, मग दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करायचं!" कावेरी म्हणाली. "हा वाजवायचा, त्याच्याशेजारी दुसरा धरायचा. सोप्पंय."

कोणाचा दुसरा? तुम्ही दोघी कुठे होतात?

काकूंचा मागितला असता, पण मग काकूंनी पण ऐकलं असतं. ते टाळायलाच तर हे सगळं रामायण केलं होतं मी.

तर मी जागा शोधायला लागले. खरंच, मोबाईल घेऊन नाशिकभर फिरले मी. रामकुंडावर गेले तर सुट्टीची गर्दी. तपोवनात गेले तर मुली रील काढत होत्या. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी सोमेश्वरला गेले. तिथं पाण्याचाच आवाज इतका की शेजारचं माणूस ऐकू येईना. तरी तिथं बसले होते बाकावर, चांगली तासभर, मोबाईल मांडीवर घेऊन. आणि खरं सांगू का, जागेचं निमित्त होतं. मला भीती वाटत होती. वाटलं, आई रागावलेली असेल. नाहीतर रडत असेल. नाहीतर म्हणाली असेल की ये परत, सोड ते कॉलेज, आणि मग मी काय करणार? न ऐकलेलं होतं तोपर्यंत ती माझ्याशी बोललेली होती आणि अजून बोलायची बाकी पण होती. कळतंय का? मला ते बरं वाटत होतं.

सोमवारी मामाला फोन केला. म्हटलं, मामा, आई काय बोलली रे त्यात? म्हणाला, "मला काय ठाव बाई! तूच म्हणलीस कोणी ऐकायचं नाय. मी सगळी गाडी खाली उतरवली. कुसाबाईला गुडघे धरून उतरवली. तिला फोन लावून दिला आणि पार वळणापर्यंत चालत गेलो." म्हटलं, आता आईला बोलव ना खिंडीत. तर म्हणाला, "ती कुठं हाय? काल गेली की कामाला, द्राक्षाच्या."

म्हणजे आता होळीपर्यंत नाही येणार ती. तिच्याकडे फोन नाही. मग तर माझ्यासाठी तो गोल एक म्हणजे, काय सांगू, देव झाला. होळीपर्यंत तेवढाच आहे, पुरवून वापरायचा. मी रोज तो उघडून नुसता बघायचे आणि ऐकायचे कोणता, तर तो अकरा जणांचा. तो राहिला होता ना मोबाईलमध्ये, साधाच होता. पोटभर जेव गं. कोण हसतं तुला, नाव सांग. गुरुजींचा खोकला पाठ झाला मला. खोलीत कोणी नाही, तुमच्या कॉटवर चादरी घड्या करून ठेवलेल्या, आणि मी जेवताना ती जीप लावून बसायचे.

बाराव्या-तेराव्या दिवशी भांडी घासता घासता आठवलं. मीच सांगितलेलं ते, प्रेझेंटेशनमध्ये, की असा मेसेज चौदा दिवसांत उघडला नाही तर आपोआप जातो. हात तसेच साबणाचे, मी बोटं मोजली. तेरावा दिवस. उद्या जाणार.

मग काय, दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला, गोधडी डोक्यावरून घेतली, इअरफोन घातले आणि दाबलं.

आधी नुसतं वारं. खिंडीतलं वारं. मामाचा आवाज, "दाबलंय, बोल आता, मी जातो." चपला वाजत लांब गेल्या. मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही की मला वाटलं बिघडलं. मग आई म्हणाली, "स्नेहल."

आणि थांबली. मी 'हो' म्हणेन म्हणून थांबली गं ती. मी म्हटलं पण, हो, गोधडीत.

मग म्हणाली, "ऐकतेस ना? कोणी नाय हितं. सगळे उतरलेत. तू म्हणलीस तसंच केलं." परत थांबली. "मला असं एकटीला बोलाया नाय येत." मग म्हणाली, "त्या दिशी मी यादवला थांबवलं नाय, कारण तू बोलत होतीस. मला वाटलं, मधीच बंद केलं तर तुझा आवाज जाईल. परत नाय लागला तर? म्हणून बसून राहिले. लोकं असू दे म्हणलं, आवाज जायला नको."

थांब वैष्णवी, पाणी नको. संपू दे.

मग म्हणाली, "रविवारी मुकादमाची गाडी नाशकातनं जाणार हाय. पेठ नाक्यावर दहाला चहाला थांबवतो म्हणलाय. तू ये. तुला बघते आणि जाते. जेवतेस का नाय ते बघते." मग परत वारं. मग तोंड फिरवून लांब ओरडली, "यादव, हे बंद कसं करायचं रं!" आणि संपलं.

मेसेजच्या जागी नुसतं लिहून आलं, 'उघडले'.

मी परत परत दाबलं. काय होणार दाबून. मग डोक्यात तारीख लागली. रविवार. कधीचाच गेला होता तो, दहा दिवस झाले होते. त्या रविवारी दहाला मी कुठे होते? सोमेश्वरच्या बाकावर. मांडीवर मोबाईल, त्यात आई सांगतेय नाक्यावर ये, आणि मी विचार करतेय की आज नको ऐकायला. इथून नाका किती लांब आहे? दहा मिनिटं. मी आमटीसाठी कोथिंबीर आणायला जाते तिथं.

"अगं पण..." कावेरीचा आवाज असा खाली गेला. "वाट बघितली असेल का त्यांनी?"

तशीच धावत गेले मी नाक्यावर, त्याच वेळी, जशी काही अजून थांबली असेल. त्या वडापाववाल्याला विचारलं, दहा दिवसांपूर्वी, रविवारी, सुरगाण्याकडची एक बाई होती का, बारीक अशी, कोणाची तरी वाट बघत? तो म्हणाला, "ताई, सीझन आहे. रोज दहा-बारा पिकअप थांबतात. सगळ्याच बाया बारीक असतात." त्याचं काही चुकलं नाही. मी एक वडा घेतला आणि तिथंच खाल्ला, पूर्ण. का ते विचारू नका.

मग मामाला फोन. कुठल्या मळ्यात गेलीय, मुकादम कोण, नंबर दे. मामा म्हणाला, "तेच तर. आपली टोळी दरसाल वणीकडं जाती, तिकडं तर नाशिक लागतच नाय. आणि ती अजून निघालीपण नाय, भात कापायचं हाय. पण तुझी आई ऐकंना. पलीकडच्या गावच्या टोळीत गेली, कोणाच्या ओळखीची ना पाळखीची. सगळ्यांनी विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, हाय माझं काम." मग म्हणाला, "आता कळलं काम. पहिल्यासारखं गाडीत बोलली असती तर वीस जणांनी फोन करकरून तुला नाक्यावर उभी केली असती."

तो रागानं नाही म्हणाला. पण म्हणाला.

तर मग मी त्याच दिवशी निरोप केला. गोल एक न लावता. म्हटलं, मामा, हा बाजाराच्या दिवशी लाव, आवाज पूर्ण सोड. मी भोयांची स्नेहल, नाशिकहून. सगळ्यांनी ऐका. माझी आई मला भेटायला आली होती आणि मी गेले नाही. मी तिचा निरोप ऐकलाच नव्हता. कोणाला ती दिसली, कोणाला त्या टोळीतलं कोणी भेटलं, तर तिला सांगा की मी दर रविवारी दहापासून पेठ नाक्यावर उभी असेन. मुकादम माणसं इकडून तिकडं हलवतात, कधी तरी गाडी नाक्यावरून जाईलच. आणि सांगा की मी जेवते.

उत्तर आलं. नऊ जण होते ह्या वेळी. गेणूबाबाचा पुतण्या पळसे बाजूला जाणार आहे, तो विचारणार आहे. कुसाबाई मला शिव्या देते आधी आणि मग रडते. पण त्या टोळीचा पत्ता कोणालाच नाही. आईचा आवाज त्यात नाही. असणार कसा?

पहिल्या रविवारी सात पिकअप आल्या. दुसऱ्या रविवारी पाच. मी प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उभी राहते, आत तोंड घालून बघते, बाया म्हणतात, काय पाहिजे पोरी? मी म्हणते, काही नाही. एकीनं मला बसायला जागाच करून दिली. तिला वाटलं मला पण कामाला यायचंय.

झालं. एवढंच. आणि हे ग्रुपवर कुठं टाकू नका हं. वर्गात परत...

नाही. थांब. टाका. टाकाच, वैष्णवी. तुझे पप्पा नामपूरच्या मार्केटला असतात ना, त्यांच्या ग्रुपवर सगळीकडचे शेतकरी असतील. कावेरी, तू कंपनीच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाक, तिथं कितीतरी जणांचे मळे आहेत. लिही, अक्काबाई भोये, तालुका सुरगाणा. तुमच्या मळ्यात असेल तर मुलीला कळवा. माझा नंबर टाक. हो, टाक नंबर, येऊ देत कोणाचे फोन यायचे ते.

फोटो? एक आहे, रेशनकार्डाच्या वेळचा. त्यात तिचे डोळे मिटलेत. आवाज होता, तो असता तर तोच टाकला असता.

नको, तुम्ही नका येऊ. तिनं तुम्हाला बघितलं तर ती बोलायची नाही मोकळं. सव्वानऊ झाले, निघते मी. दाराला आतून कडी लावू नका. आणि डबा माझा पण करा, मी आल्यावर खाणार आहे.